दूध संकलनाचं डेस्कटॉप अ‍ॅप: सर्व्हरवर नोंद दोनदा जातेय, मदत हवी

पाणंद

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज अडलोय म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

मी एकटाच सॉफ्टवेअर करतो, घरातल्याच एका खोलीत. आमच्या भागातल्या एका दूध संघाच्या केंद्रांसाठी विंडोजवर चालणारं अ‍ॅप केलंय, सी शार्प आणि विनफॉर्म्स, सर्व्हरवर पीएचपी आणि मायएसक्यूएल. सध्या ४० केंद्रं चालू आहेत. काम असं, पहाटे साडेपाच सहाला केंद्र उघडतं, रांग लागते, उत्पादक कोड नंबर सांगतो, दूध काट्यावर जातं, थोडं सॅम्पल फॅट मशीनला, दोन्हीचे आकडे सिरियल केबलनं कॉम्प्युटरला येतात, अ‍ॅप दरपत्रकातनं दर काढतं आणि पावती छापतं. एका माणसामागं जेमतेम मिनिटभर मिळतो कारण मागं पंचवीस जण किटल्या घेऊन उभे असतात आणि टँकरची वेळ ठरलेली असते.

मी केलंय असं की सेव्ह दाबलं की नोंद आधी सर्व्हरला जाते, सर्व्हरनं ओके दिलं की पावती छापते. ऑफिसात वायफायवर झकास चाललं. केंद्रांवर डोंगल नाहीतर सचिवांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट, डोंगरकडेच्या गावात रेंज कधी आहे कधी नाही. तिथं स्क्रीन गोठतो, वरती नॉट रिस्पॉन्डिंग येतं, आणि माणसं थांबून राहतात. एचटीटीपी क्लायंटचा मूळ टाइमआउट १०० सेकंदांचा असतो, तो मी १५ वर आणला आणि उत्तर नाही आलं तर तीनदा परत पाठवायचं असं केलं. तर झालं काय, स्क्रीन कमी वेळ गोठायला लागला पण सर्व्हरवर एकच नोंद दोनदा, कधी तीनदा दिसायला लागली.

एका केंद्रावर एक आजी आहेत, एक म्हैस, संध्याकाळचं ४.२ लिटर, फॅट ६.८. त्यांची ती नोंद दोनदा गेली, दहा दिवसांच्या बिलात पैसे जादा गेले, संघानं पुढच्या बिलातनं कापून घेतले. मी तिथं गेलो होतो तेव्हा त्यांनी मला पावत्यांचा गठ्ठा दाखवला आणि म्हणाल्या, "मी काय जादा मागितलं हुतं व्हय? मग माझंच का कापलं?" मला उत्तर देता आलं नाही. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती, कापणी त्यांच्या वहीत लिहिली गेली.

हे मुळातनं कसं नीट करायचं सांगा. टाइमआउट किती ठेवू?

गुरुवार_पेठ

आधी सेव्हचं बटण दाबल्याबरोबर डिसेबल करा, दोनदा दाबलं जात असेल. आणि मधे एपीआय (सर्व्हरवरचा मधला प्रोग्रॅम) कशाला, थेट मायएसक्यूएलला जोडा ना, डॉटनेटचा कनेक्टर आहे, ट्रान्झॅक्शन मिळतं, अर्धवट काही राहत नाही. आमच्या दुकानाचं बिलिंग पाच वर्षं तसंच चालतंय.

निशिगंध

गुरुवार_पेठ, दुकानात सगळं एका लॅनवर आहे म्हणून चालतंय. इथं थेट जोडायचं म्हणजे मायएसक्यूएलचा ३३०६ पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवायचा आणि डेटाबेसचा पासवर्ड ४० गावांतल्या कॉम्प्युटरवर एक्झीच्या पोटात ठेवायचा. डॉटनेटची एक्झी आयएलस्पाय या कोड उलगडणाऱ्या टूलमधे उघडली की आतला कोड जवळजवळ लिहिला तसा वाचता येतो, पासवर्ड सकट. कृपा करून हे करू नका. आणि ट्रान्झॅक्शननंही हा प्रश्न सुटत नाही, कमिट, म्हणजे "आता पक्कं कर" असं पाठवलं आणि त्याच क्षणी लाईन तुटली तर कमिट झालं का नाही हे तुम्हाला तिथंही कळत नाही.

पाणंद, तुमच्या प्रश्नाचं मूळ इथंच आहे. "उत्तर आलं नाही" याच्या मागं तीन गोष्टी असू शकतात. विनंती पोचलीच नाही. पोचली पण सर्व्हरला काम जमलं नाही. किंवा काम झालं, नोंद बसली, आणि ओके परत येताना वाटेत हरवलं. तुमच्या अ‍ॅपला तिन्ही अगदी सारख्याच दिसतात. टाइमआउट १५ करा नाहीतर १५०, फरक एवढाच की किती वेळानं अंदाज बांधायचा. तुम्ही तो कमी केलात म्हणून सर्व्हर हळू असला तरी अ‍ॅपला वाटलं पोचलं नाही, परत पाठवलं, दुबार नोंदी वाढल्या.

आमच्या लहानपणी दादा शिकायला कोल्हापुरात होता, आई रोज एसटीच्या ड्रायव्हरकडं डबा द्यायची. डबा पोचला का नाही हे रिकामा डबा परत आल्यावरच कळायचं. रिकामा डबा आला नाही म्हणजे भरलेला पोचला नाही असं नसतं, तो विसरला असेल, गाडी चुकली असेल. जेवणाचा डबा दोनदा गेला तर काही बिघडत नाही, दुधाची नोंद दोनदा गेली की आजींच्या बिलातनं पैसे जातात.

म्हणून परत पाठवणं बंद करू नका, ते लागणारच, पण दुसऱ्यांदा आलेली तीच नोंद सर्व्हरला ओळखता आली पाहिजे. आत्ता तुमचा नोंद क्रमांक सर्व्हर देतोय ना, ऑटो इन्क्रिमेंटनं, म्हणजे आपोआप पुढचा नंबर? मग सर्व्हरच्या दृष्टीनं प्रत्येक विनंती नवीनच. ओळख केंद्रावर द्या. सेव्ह दाबलं त्या क्षणी अ‍ॅपनं एक जीयूआयडी, म्हणजे परत न येणारा लांब ओळख नंबर, बनवायचा, आवृत्ती ४ मधे १२२ बिट यादृच्छिक असतात, ४० केंद्रांत दोन सारखे निघण्याची काळजी करायचं कारण नाही. तोच जीयूआयडी त्या नोंदीबरोबर कायम राहतो, दहा वेळा पाठवा, तोच जातो. सर्व्हरवर त्या कॉलमला युनिक इंडेक्स, म्हणजे तोच नंबर परत न घेणारा नियम, लावा. दुसऱ्यांदा आली की इंडेक्स अडवेल, आणि इथं लक्ष द्या, त्यावेळी एरर परत पाठवायची नाही, पहिल्या वेळी दिलं असतं तेच ओके द्यायचं. क्लायंटला फक्त एवढंच हवंय की नोंद बसलीये.

एक मात्र करू नका, कोड नंबर, तारीख, पाळी यावरनं दुबार ओळखायचा प्रयत्न. एकच माणूस एका पाळीला दोन किटल्या दोन वेळा घालतो, गायीचं वेगळं, म्हशीचं वेगळं, खऱ्याखुऱ्या दोन नोंदी असतात.

आडसाली

मी कॉम्प्युटरवाला नाही, घरी ऊस आणि दोन म्हशी, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडं दूध आई घालते. पावती हातात पडली की तिच्यासाठी व्यवहार झाला. तुमचं नेट आलं का गेलं याच्याशी तिचा काय संबंध? दूध तर कॅनमधे ओतलं गेलं, ते परत येत नाही. मग पावती सर्व्हरची वाट का बघते हेच मला कळेना.

निशिगंध

आडसाली, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत, मी पुढं हेच लिहिणार होते.

पाणंद, क्रम उलटा करा. दूध कॅनमधे गेलं तिथं व्यवहार झाला, म्हणून तो तिथल्याच डिस्कवर आधी लिहिला गेला पाहिजे. केंद्राच्या कॉम्प्युटरवर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस ठेवा. एकच फाईल, वेगळा सर्व्हर बसवायला नको. सेव्ह दाबलं की एकाच ट्रान्झॅक्शनमधे दोन गोष्टी लिहायच्या, संकलनाची नोंद आणि "पाठवायचं बाकी" या टेबलात त्याच जीयूआयडीची एक ओळ. कमिट झालं की लगेच पावती. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. मग मागं एक वेगळं काम चालू राहील जे बाकीच्या ओळी उचलून सर्व्हरला पाठवेल, ओके आलं की त्या ओळीवर "पोचली" अशी खूण. स्क्रीन सांभाळणाऱ्या यूआयच्या थ्रेडवर नेटवर्कचा एकही कॉल नको, म्हणजे स्क्रीन गोठायचा प्रश्नच राहत नाही.

लाईट जाते ना तिकडं? मग एक सेटिंग नीट बघा. एसक्यूलाइटमधे वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाईलमधे लिहायची पद्धत) चालू केला आणि सिंक्रोनस (डिस्कवर पक्कं लिहायची सक्ती) नॉर्मल ठेवलं तर लाईट गेल्यावर फाईल बिघडत नाही, पण शेवटच्या एकदोन नोंदी उडू शकतात. पावती हातात आणि नोंद गायब, हे सगळ्यात वाईट. सिंक्रोनस फुल ठेवा. तासाला शंभर नोंदी लिहायला त्यानं काही हळू होत नाही. आणि ती फाईल शेअर्ड फोल्डरवर ठेवू नका, नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर तिचं लॉकिंग भरवशाचं नसतं.

परत पाठवताना दर पाच सेकंदाला दार वाजवू नका. ५, १०, २०, ४० असं वाढवत पाच मिनिटांपर्यंत न्या आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी यादृच्छिक सेकंदं मिळवा. नाहीतर सर्व्हर अर्धा तास बंद पडून उठला की ४० केंद्रं एकाच सेकंदाला अंगावर येतात आणि तो परत बसतो. एका वेळी ५० नोंदींचा गठ्ठा पाठवा, पण उत्तर प्रत्येक नोंदीचं वेगळं घ्या. गठ्ठ्यातली एक नोंद चुकीची म्हणून बाकीच्या ४९ अडकून पडायला नकोत.

मूठभर

एवढी खटपट करण्यापेक्षा ब्राउझरमधेच का नाही करत? क्रोममधे २०२१ पासून वेब सिरियल आहे, काटा थेट वाचता येतो, सर्व्हिस वर्करनं ऑफलाइन चालतं, आणि ४० ठिकाणी अपडेट टाकत फिरायला नको. डेस्कटॉप अ‍ॅप आता कोण करतं?

पाणंद

मूठभर, मी बघितलं होतं ते. माझ्या ४० पैकी ११ केंद्रांवर अजून विंडोज ७ आहे, तिथं क्रोम १०९ वर थांबलंय. शिवाय ब्राउझरचा डेटा कोणी "साफ" केला की न पाठवलेल्या नोंदी गेल्या, आणि केंद्रावर तो कॉम्प्युटर सचिवांची मुलं पण वापरतात. पावतीचा प्रिंटर दर वेळी प्रिंटची खिडकी न दाखवता छापायला पाहिजे. नवीन मशीनवर तुमचं म्हणणं पटेल, इथं नाही.

मूठभर

विंडोज ७ चं लक्षात नव्हतं आलं. मग बरोबर आहे तुमचं.

उभादांडा

मी काटे आणि फॅट मशीन बसवायला फिरतो, कोड थोडाफार येतो. तुमच्या अ‍ॅपला पुढं जे त्रास होणार ते आत्ताच सांगून ठेवतो.

विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मधे संपला. त्यात टीएलएस १.२ (सर्व्हरशी सुरक्षित बोलायची पद्धत) आहे पण मुळात बंद असतं. अ‍ॅप डॉटनेट ४.५ ला धरून बनवलं असेल तर ते जुन्याच टीएलएसनं बोलायला जातं, सर्व्हरनं जुनं बंद केलं की एका सकाळी ती ११ केंद्रं गप्प होणार आणि एररमधे नुसतं "सिक्युअर चॅनल तयार करता आला नाही" एवढंच दिसणार. कोडमधे टीएलएस १.२ स्पष्ट मागा.

दुसरं, घड्याळ. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर २०३२ नंबरचा बटण सेल असतो, तो संपला की लाईट जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागं जाते. मग दोन गोष्टी होतात. सर्टिफिकेट "अजून लागू झालेलं नाही" म्हणून सर्व्हरशी बोलणंच बंद, आणि त्याहून वाईट म्हणजे नोंदी चुकीच्या तारखेला पडतात, बिलात येतच नाहीत. एका केंद्रावर आख्खी सकाळ पाळी अशी गेली होती, मी स्वतः बघितलंय, सेल बदलायला पन्नास रुपये पण लागले नाहीत. अ‍ॅप चालू होताना बघा, आजची तारीख शेवटच्या नोंदीच्या मागं असेल तर संकलन सुरूच करू देऊ नका, मोठ्या लाल अक्षरात विचारा. नेट असेल तेव्हा सर्व्हरच्या उत्तरात डेट हेडर येतो त्याच्याशी ताडून बघा.

तिसरं, यूएसबी टू सिरियलची वायर. झाडू मारताना काढली आणि शेजारच्या भोकात घातली की स्वस्तातल्या कन्व्हर्टरला कॉम ३ चा कॉम ५ मिळतो. अ‍ॅपला काटा सापडत नाही, सचिव वजन हातानं टाकतात, आणि हातानं टाकलेल्या वजनावरनंच गावात भांडणं होतात. पोर्ट नंबर पक्का लिहून ठेवू नका, सगळे पोर्ट ऐका आणि काट्याचा मजकूर जिथनं येतो तो घ्या. नोंदीत "हाताने" अशी खूण पण जाऊ दे सर्व्हरला.

बाराखडी

नावांचं काय केलंयत? जुन्या डीओएसच्या किंवा फॉन्टवाल्या सॉफ्टवेअरमधनं उत्पादकांची यादी घेतली असेल तर ती युनिकोड नसणार, फॉन्ट काढला की नुसती रोमन अक्षरांची भेळ दिसते. एकदाच कन्व्हर्ट करून तपासून घ्या आणि पुढं सगळीकडं यूटीएफ ८. मायएसक्यूएलमधे नुसतं यूटीएफ ८ नको, एमबी ४ वालं निवडा.

आणखी एक खास मराठी खड्डा. "कऱ्हाड" दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात नुक्तावाला ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो, शोधायला गेलं की एक सापडतो दुसरा नाही, आणि नॉर्मलायझेशन केलं तरी हे दोन एक होत नाहीत. अ‍ॅ चं पण तसंच. साठवण्याआधी स्वतः एकाच रूपात आणा, नाहीतर एका उत्पादकाची दोन खाती उघडली जातात.

आणि आकडे. कोणी मराठी कीबोर्ड ठेवून "४.२" टाइप केलं तर डॉटनेटच्या रेगेक्समधला (मजकूर तपासायच्या नमुन्यातला) अंकाचा नियम देवनागरी अंक पास करतो, पण पार्स करताना अपवाद फेकतो. तपासणीत पास, पुढं क्रॅश. माझा एक दिवस गेला होता यात.

निशिगंध

बाराखडींच्या आकड्यांवरनं आठवलं. पाणंद, रक्कम क्लायंटवर काढताय आणि सर्व्हर परत काढतोय का? सी शार्पचं राउंडिंग मुळात सम अंकाकडं जातं, १२.५ चं १२ होतं, पीएचपी १३ करतं. पावतीवर एक आणि बिलात एक, असा पैशा पैशाचा फरक येत राहतो आणि तो शोधून सापडत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा, लिटर आणि फॅट पण दहानं किंवा शंभरानं गुणून पूर्णांकात. राउंडिंगचा नियम एकच आणि दोन्हीकडं स्पष्ट लिहिलेला.

पाणंद

तीन आठवड्यांनी परत लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच सांगतो, एकट्यानं बसून हे मला सुचलं नसतं.

जीयूआयडी, लोकल एसक्यूलाइट, "पाठवायचं बाकी" टेबल, सगळं झालं. सध्या सहा केंद्रांवर टाकलंय. टेस्टसाठी मी सर्व्हरवर मुद्दाम एक खोट घातली, नोंद डेटाबेसमधे बसल्यावर दर तिसऱ्या वेळी उत्तर न देता कनेक्शन तोडायचं. जुनं अ‍ॅप त्याच्याशी चालवलं तर ३०० नोंदींच्या जवळपास ४५० झाल्या, नव्यानं बरोबर ३००. मग संकलन चालू असल्यासारखं करून दहा वेळा कॉम्प्युटरची पिन उपसली, ज्यांची पावती छापली होती त्या सगळ्या नोंदी फाईलमधे सापडल्या. राउंडिंगचा फरक माझ्याकडं होताच, निघाला.

स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात "पाठवायच्या बाकी: १७" असा आकडा ठेवलाय. एका सचिवांना तो एवढा आवडलाय की शून्य झाल्याशिवाय ते कुलूप लावत नाहीत.

एक नवीन अडचण. दरपत्रक सर्व्हरवरनं येतं. परवा संघानं सकाळी सातला नवीन दर टाकला, अर्ध्या रांगेला जुना आणि अर्ध्या रांगेला नवा लागला.

निशिगंध

दरपत्रकाला आवृत्ती क्रमांक आणि "कुठल्या तारखेपासून, कुठल्या पाळीपासून" हे बरोबर पाठवा. डाउनलोड कधीही होऊ दे, पण लागू पाळी उघडतानाच. आणि नोंदीत लावलेला दर आणि आवृत्ती दोन्ही लिहून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी कोणी पावती घेऊन आलं तरी कशानं काढला ते सांगता येतं. बदल झालाय का हे विचारायला दर वेळी सगळा तक्ता ओढू नका, ईटॅग, म्हणजे आपल्याकडच्या प्रतीची खूण, पाठवा, बदल नसेल तर सर्व्हर ३०४, म्हणजे "बदल नाही", देऊन मोकळा होतो, डोंगलचा डेटा वाचतो.

चुकलेली नोंद दुरुस्त करताना पण जुनी पुसू नका, ती रद्द करणारी नवीन नोंद करा, तिचा वेगळा जीयूआयडी. काय झालं होतं ते दोन्हीकडं दिसलं पाहिजे.

आडसाली

दादा, एक विनंती. पावतीवर असा नंबर छापा जो संघाच्या ऑफिसात सांगितला की तीच नोंद निघेल. आत्ता आई विचारायला गेली की "सिस्टीममधे असंच दिसतंय" एवढंच ऐकून येते.

पाणंद

करतो. जीयूआयडी छापून उपयोग नाही, ३६ अक्षरं कोण वाचणार, पण केंद्राचा कोड, तारीख, पाळी आणि त्या पाळीतला क्रमांक असा छोटा नंबर केंद्रावरच तयार होतो, तो नोंदीबरोबर सर्व्हरला जाईल आणि ऑफिसच्या स्क्रीनवर त्यानं शोधता येईल.

त्या आजींकडं जाऊन आलो काल. संघाच्या ऑफिसातनं दोन्ही बिलांचा उतारा काढून नेला, दुबार पडलेली ओळ आणि कापलेली ओळ पेनानं खूण करून समोर ठेवल्या आणि चूक मशीनची होती, तुमची नव्हती असं सांगितलं. त्यांनी नातवाकडनं वाचून घेतलं, दोनदा. मग त्यांनी पावत्यांचा डबा उघडला तर थर्मल प्रिंटरच्या जुन्या पावत्या पार पांढऱ्या पडल्या होत्या, चुलीजवळच्या फडताळात ठेवलेल्या. तेव्हा आता प्रत्येक दहा दिवसांचा उतारा साध्या कागदावर केंद्रातच छापून द्यायची सोय करतोय, सगळा डेटा तिथल्या फाईलमधे आहेच, त्याला नेट पण लागत नाही.

आडसाली

उताऱ्यावरचे आकडे जरा मोठे छापा, आईला चष्मा लावून पण बारीक दिसत नाही.

पाणंद

हो, आकडे दुप्पट करतो. शुक्रवारी पुढच्या आठ केंद्रांवर टाकणार आहे, त्यात येईल.